मिरची कोण पारखणार?

प्रश्न : घरातून सुरू केलेला आमचा कांदा-लसूण मसाल्याचा धंदा आता गाळ्यात गेलाय. 18 माणसं आहेत, पुण्या-मुंबईहून ऑनलाइन ऑर्डरी येतात. पण पॅकिंगचा टेप संपला तरी फोन मलाच. एकदा मिरचीची खरेदी मामेभावावर सोपवली, तर मसाला फिका उतरला. तेव्हापासून कुणाच्या हाती काही द्यायची हिंमत होत नाही.
— एक उद्योजिका, कोल्हापूर

उत्तर : ताई, भावाला बाजारात पाठवताना तुम्ही नेमकं काय सांगितलं होतंत? 'चांगली बघून आण' एवढंच सांगितलं असेल, तर त्याला बोल लावू नका. चांगली मिरची तुमच्या बोटांना आणि नाकाला कळते, कागदावर ती कुठेच नाही. आधी ती उतरवा. रंगासाठी ब्याडगी किती, तिखटासाठी संकेश्वरी किती. मुठीत दाबल्यावर मोडली पाहिजे. नुसतीच वाकली तर ओल आहे, म्हणजे पाण्याचे पैसे मोजताय आणि पुढे बुरशीची भीती. पोत्यात फटकी, म्हणजे पांढरी पडलेली मिरची, किती चालेल, तेही लिहा. मनासारख्या उतरलेल्या घाण्याचा थोडा मसाला बरणीत, अंधारात ठेवा. नवा घाणा त्याच्याशेजारी पांढऱ्या कागदावर टाकला की फरक कुणालाही दिसेल. रंग उडतो, म्हणून नमुना अधूनमधून बदला.

मग हंगामात भावाला घेऊन गडहिंग्लजचा बाजार करा. पहिल्यांदा तुम्ही पारखा, नंतर त्याला पारखू द्या, तुम्ही मागे उभ्या राहा. भाव त्यालाच ठरवू द्या. व्यापाऱ्यासमोर त्याचा शब्द खोडलात, तर पुढच्या वेळी व्यापारी त्याच्याशी बोलणारच नाही.

टेपचा प्रश्न सोपा आहे. गाळ्यावरच्या एका जबाबदार बाईंना ठरावीक रकमेपर्यंत न विचारता खर्चाची मुभा द्या, पावती त्याच संध्याकाळी वहीत. बँकेच्या चालू खात्याला नेट बँकिंगमध्ये एकाने पेमेंट भरायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं, अशी सोय मिळते. ती मागून घ्या. हिशेबनीस भरेल, मंजुरी तुमची. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाचं लॉगिन वेगळं हवं. जीएसटीचं विवरण दर महिन्याला भरत असाल, तर 11 आणि 20 तारीख सांभाळणं हिशेबनिसाचं काम. तुम्ही फक्त भरल्याची पोच बघा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना उभारला, तेव्हा कारभार भाऊ रामूअण्णांकडे होता आणि हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. लक्ष्मणरावांना यंत्रांकडे बघायला सवड मिळाली ती त्यामुळे. माणसं जवळचीच होती, पण कामं वाटलेली होती. तुमच्याकडे माणसं आहेत, वाटणीच झालेली नाही.

एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. काम सोपवल्यावर लोक सवयीने तुमच्याकडेच येतील. उत्तर माहीत असलं तरी देऊ नका, ज्याचं काम आहे त्याच्याकडे पाठवा. आणि पहिल्या नुकसानीला काम काढून घेऊ नका. एखादा घाणा फुकट गेला तर पैसे जातील, पण काम काढून घेतलंत तर बाकीचेही निर्णय घेणं सोडून देतील.

तक्रारी मात्र आठवड्यातून एकदा स्वतः वाचा. मसाल्याचं प्रमाणही तुमच्याजवळच राहू द्या. फक्त त्याची एक प्रत सीलबंद करून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि ती कुठे आहे हे घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा.