पहिली ते चौथीच्या मुलांना गणित आणि विज्ञान रंजक पद्धतीने कसं शिकवावं?

तुमची अडचण अशी की गाणी, खेळ, व्हिडिओ सगळं करून झालं, मुलं तासाला खूश असतात, पण दुसऱ्या दिवशी विचारलं की कोऱ्या चेहऱ्याने बघतात. मी प्राथमिकच्या वर्गांना शिकवते, त्यामुळे हे अगदी ओळखीचं आहे. मूल गुंततं ते स्वतः बांधलेला अंदाज खरा ठरतो का, हे बघण्यात. म्हणून कुठलीही कृती करायच्या आधी मी मुलांकडून अंदाज वदवून घेते आणि फळ्यावर लिहिते.

दोलकाचा प्रयोग तिसरी-चौथीला नक्की करा. दोऱ्याला छोटा दगड बांधा. दोरा जिथे धरलाय तिथपासून दगडाच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर अंतर ठेवा आणि हलकासा झोका द्या. जाऊन परत आला की एक फेरी. १० सेकंदांत साधारण १० फेऱ्या होतात. आता विचारा, अजून एक दगड बांधला तर? बरीच मुलं म्हणतात, जड झाला, आता जोरात जाईल. काही म्हणतात, उलट हळू होईल. मोजतात तर पुन्हा १०! मग कुणीतरी हमखास म्हणतं, "बाई, नीट मोजलं नाही, परत करू." हे ऐकायला मिळालं की मला तास सार्थकी लागल्यासारखा वाटतो. (दुसरा दगड पहिल्याच्या शेजारी बांधा. खाली लटकवला तर दोलकाची लांबीच वाढते आणि सगळा घोळ होतो.) त्यानंतर दोरा १ मीटर करा. लांबी चौपट झाली, तरी फेऱ्या ५ येतात, म्हणजे फक्त निम्म्या होतात. असं का, हे या वयात समजावून सांगायची घाई नको. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते मोजायचं, एवढं हाताला वळण लागलं तरी खूप आहे.

गणितातही हेच करते. ५२ वजा १७ उभी मांडणी करून दिली की कितीतरी मुलं ४५ लिहितात. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ती सरळ ७ मधून २ घालवतात. त्यांच्या लेखी ते दोन सुटे अंक असतात, ५२ ही संख्या त्यांना दिसतच नसते. अशा वेळी "दशकाकडून उसना घे" हे वाक्य दहादा सांगून उपयोग नाही. काड्यांचे दहा-दहाचे ५ गठ्ठे आणि २ सुट्या काड्या हातात द्या. आधी अंदाज विचारा: ४० पेक्षा जास्त उरतील की कमी? मग १७ काढायला सांगा आणि गप्प बसा. मूल अडतं, इकडेतिकडे बघतं आणि शेवटी विचारतं, "एक गठ्ठा सोडू का?" हा प्रश्न त्याच्या तोंडून येईपर्यंत थांबणं शिक्षकाला फार जड जातं, पण थांबाच. गठ्ठा सोडून ३५ उरल्या की वहीतली वजाबाकी त्याच काड्यांच्या शेजारी करून घ्या.

८ + ४ = □ + ५ हे उदाहरणही एकदा देऊन बघा. चौकटीत १२ लिहिणारी मुलं भरपूर निघतील, कारण बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' असा त्यांचा समज असतो. सारख्या वजनाचे ठोकळे घेऊन ताजव्याच्या एका पारड्यात ८ आणि ४, दुसऱ्यात ५ टाका आणि अजून किती हवेत हे शोधू द्या. अपूर्णांकांसाठी सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या दुमडल्या की पुरे. एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा लहान का, हे घडी उलगडल्यावर डोळ्यांना दिसतं.

व्हिडिओला माझा विरोध नाही, पण तो प्रयोगानंतर दाखवा. आधी दाखवला तर अंदाज बांधायला काही उरतच नाही. आणि चुकीचा अंदाज फळ्यावरून पुसू नका, "तुला तसं का वाटलं?" असं विचारा. वर्ग मोठा असेल तर चौघांचे गट करा: एकाने दोलक सोडायचा, एकाने घड्याळ बघायचं, एकाने मोजायचं, एकाने लिहायचं, आणि दर मोजणीनंतर कामं बदलायची.