मैत्रिणीकडे उसने दिलेले पैसे परत मागू की नको?

समरकंदला एमबीबीएस करणाऱ्या लातूरच्या एका मुलीचं पत्र आहे. वर्गातल्या उझबेक मैत्रिणीला तिने १५ लाख सोम, म्हणजे आपले दहा-बारा हजार रुपये, उसने दिले. चार महिने झाले, मैत्रीण विषयच काढत नाही. इकडे बाबांकडून 'पुस्तकांसाठी' म्हणून जादा पैसे मागवून झाले. मागावं, तर ही तापाने फणफणली असताना तीच रात्रभर उशाशी बसली होती. त्यात शाळेत घोटलेली इंग्रजी म्हण, 'अ फ्रेंड इन नीड इज अ फ्रेंड इंडीड', तोंड उघडू देत नाही. "मावशी, मागितले तर मी कोती ठरेन का?"

अगं, मुळीच नाही. तुझ्या तापात ती धावून आली, तिच्या अडचणीत तू. त्या म्हणीचं काम तिथे झालं. पुढे इंग्रजीतलीच दुसरी म्हण आहे, शाळेत सहसा न शिकवलेली: 'शॉर्ट रेकनिंग्ज मेक लाँग फ्रेंड्ज'. हिशेब वेळच्या वेळी मिटले की मैत्री खूप टिकते. उझबेक लोक तर सरळच सांगतात, 'हिसॉब्ली दोस्त आय्रिलमस', हिशेब चोख असलेले मित्र दुरावत नाहीत. नुसतं सांगत नाहीत, तसं वागतातही. तिथे 'गप' नावाची बैठक असते. मित्रमंडळी आळीपाळीने एकमेकांकडे जमतात, पोटभर जेवतात, आणि पुष्कळ ठिकाणी सगळ्यांनी काढलेली रक्कम त्या वेळी एकाला मिळते. आपली भिशीच की! पुढच्या वेळी त्याने आपला वाटा भरला नाही, तर सगळी मंडळी विचारणारच. तेव्हा मैत्रीत पैशाचं बोलू नये, ही भीड तू लातूरहून नेली आहेस. आणि भीड भिकेची बहीण, हे आपल्याकडचंच.

टेलिग्रामवर लिहू नकोस, चारचौघींतही नको. दोघीच चहाला बसलात की विचार: "ते पैसे कधी जमतील? मला घरून मागावे लागतायत." देशील का, असं विचारायचं नाही, कधी, एवढंच. एकदम जमत नसेल तर दरमहा ३ लाख घे आणि तारीख तिच्याकडूनच ठरवून घे. 'दोस्त अचितिब गपिरार, दुश्मन कुल्दिरिब', म्हणजे मित्र झोंबेल असं बोलतो, शत्रू हसवून बोलतो, असंही तिथे म्हणतात. (याचा आधार घेऊन फटकळपणा करणारेही असतात, तू त्यातली होऊ नकोस.)

बाबांना मात्र आज रात्रीच्या फोनवर खरं सांग. रागावतील थोडे, पण पुढच्या महिन्याचे पैसे पाठवताना त्यांच्याकडे खरा आकडा हवा.