लॅटिन संगीताच्या अल्बमांची पुरस्कारप्राप्त कव्हरं: नवख्यांसाठी दोन गोष्टी

स्वागत! विजेत्यांची यादी पाठ करत बसू नका. आधी एवढंच सांभाळा:

- लॅटिन ग्रॅमी या संगीत पुरस्कारांतला पॅकेजिंगचा, म्हणजे अल्बमच्या वेष्टनाचा पुरस्कार गायकाला नाही, कला दिग्दर्शकाला मिळतो. गाणी आवडली म्हणून कव्हरही भारी, हा घोळ टाळा.
- नुसतं पुढचं चित्र बघून मत ठोकू नका. नवखे हमखास इथेच फसतात. कागद, घडी, आतली पुस्तिका, अक्षरं, सगळं बघायचं असतं आणि मोबाइलवरच्या चौकोनात त्यातलं फारसं काही दिसत नाही. मिळेल तेव्हा वस्तू हातात घ्या.

लॅटिन ग्रॅमी सुरू झाले २००० साली, म्हणजे खरी जुनी खाण यादीबाहेरच राहिली. अर्जेंटिनातल्या पेस्कादो राबिओसो या रॉक बँडचा १९७३ चा 'आर्तो' हा अल्बम बघाच. हुआन गात्तीने हिरवं-पिवळं कव्हर चौकोनी न ठेवता चक्क वेडंवाकडं कापलं. दुकानदारांच्या फळीवर ते कसं मावणार! साल्सा या नाचऱ्या संगीताची कव्हरं बघायची तर न्यूयॉर्कचा कव्हरकार इझी सनाब्रिया. पण मला विचाराल तर सुरुवात ब्राझीलच्या एलेंको या रेकॉर्ड कंपनीसाठी सेझार व्हिलेलाने केलेल्या कव्हरांपासून करा: काळं-पांढरं छायाचित्र, थोडासा लाल रंग, बस्स. मोजक्या साधनांत काय साधतं ते लगेच कळतं.

छपाईचं तंत्र आणि नामांकनाचे नियम नंतर बघू.