मुलगी हॉकीची कोच होईन म्हणते

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मुलगी टीवायबीएला आहे, विद्यापीठाच्या संघात हाफ, म्हणजे मधल्या फळीत, खेळायची, आता गुडघ्याची लिगामेंट गेली आणि ती म्हणते, 'कॉलेजात हॉकीची कोच होईन.' यात पगार किती आणि मान किती, असं तुम्ही विचारलंय.

पगाराचं आधी सांगते. बहुतेक कॉलेजांत नुसत्या हॉकीसाठी कायमचं पद नसतं, कोच मानधनावर येतात. पक्की नोकरी असते ती शारीरिक शिक्षण संचालकाची. त्यासाठी बीपीएड ही शारीरिक शिक्षणाची पदवी, मग एमपीएड या पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के, शिवाय नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत क्षमता चाचणीही आहे: तिशीपर्यंतच्या महिलांना 8 मिनिटांत 1000 मीटर. म्हणून फिजिओथेरपी अर्धवट सोडू देऊ नका. हॉकीचं खास शिक्षण पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या डिप्लोमात मिळतं.

आता मानाचं. मध्यंतरी मुलींचा एक आंतरमहाविद्यालयीन सामना बघत होते. शेवटचं सत्र, बरोबरी, समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलजवळून हल्ल्याची मोठी संधी. गोलकीपर धरून पाच जणी गोलरेषेमागे. सगळ्यांत आधी धावून जायचं जिला होतं, ती घाईघाईत मास्क न लावताच उभी राहिली. कोचबाई बाहेरून तिच्या नावानं अशा ओरडल्या, की अख्खं मैदान वळून बघायला लागलं. तिनं मास्क चढवला, धावली, तरी गोल झालाच. हरल्या. पोरगी रडत बाहेर आली, तर बाई तिच्याशेजारी गवतावर बसल्या. 'तू बरोबर रेषेत पळालीस. मागची जागा कुणी भरायची हे मी नीट शिकवलं नव्हतं. परवा करू.' मग राखीव गोलकीपरकडे वळून म्हणाल्या, 'उद्या इकॉनॉमिक्स ना तुझं? सरावाला येऊ नकोस.'

ताई, मला कोच म्हणून हीच बाई मोठी वाटते. हॉकीत बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, त्यामुळे कुणाला बसवायचं हे सामनाभर ठरवावं लागतं. बसवलेल्या मुलीला कारण तोंडावर सांगणं जमलं पाहिजे. तिची परीक्षा, तिची शेवटची एसटी, पाळीच्या दिवसांतला तिचा थकवा हेही ठाऊक हवं. डावपेच शिकता येतात. ही नजर मात्र रोजच्या मैदानावरच येते. मुंबईच्या मर्झबान पटेलांनी वर्षानुवर्षं पोरं घडवली, भारताकडून खेळलेले वीरेन रस्किना, युवराज वाल्मीकी त्यांच्याच हाताखालचे. प्रशिक्षकांना दिला जाणारा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो 2019 मध्ये. इतकी वाट बघायची तयारी मुलीची आहे का, हे तिलाच विचारा.

आणि उत्तर नुसतं तोंडी घेऊ नका. गुडघा बरा होईपर्यंत तिला तिच्या जुन्या शाळेत सकाळी पाठवा. पाचवी-सहावीच्या मुलींना चेंडू थांबवायला शिकवू दे, दोन महिने, न चुकता. सगळ्यांत कच्च्या मुलीबद्दल ती घरी येऊन काय सांगते, ते मला कळवा.