रोज डांबरी रस्ता आणि रविवारी मसाई पठार: एकाच सायकलला कोणते टायर घ्यावेत?

रोज डांबरी रस्त्याने कामावर आणि रविवारी पन्हाळ्यापुढे मसाई पठाराच्या कच्च्या वाटेने जाणाऱ्या २९ इंची सायकलला कोणते टायर घ्यावेत, असे आपण विचारले आहे. मधोमध जवळजवळ सपाट आणि कडांना रबराचे उंच ठोकळे असलेले, ४५ मिलिमीटरच्या आसपास रुंदीचे टायर घ्या, आणि ‘ग्रिप जेवढी जास्त तेवढे चांगले’ असे सांगणाऱ्या कोणाचेही ऐकू नका.

हे वाक्य माझा मावसभाऊ वर्षानुवर्षे मला ऐकवत आला आहे. सपाट टायर ओल्या डांबरावर घसरतो, हे त्याचे म्हणणे साफ चूक आहे. मोटारीच्या रुंद टायरखाली वेगात पाणी अडकते म्हणून त्याला खाचा लागतात. सायकलचा टायर अरुंद आणि गोलसर असतो, वेगही कमी असतो, त्यामुळे पाणी बाजूला सरते आणि डांबराला जितके रबर टेकेल तितकी पकड मिळते. उलट उंच ठोकळे वळणावर वाकतात, आणि नेमक्या त्या क्षणी सायकल हातात राहत नाही.

शिवाय कोणता टायर कमी ताकदीत जास्त पळतो, हाही वाद होताच. अखेर एका रविवारी मी सपाट टायरच्या आणि भाऊ ठोकळ्यांच्या टायरच्या सायकलवर पन्हाळ्याहून परतताना, उतार संपून रस्ता सपाट होतो अशा ठिकाणी, आम्ही एकाच खुणेपासून पायडल न मारता सायकली सोडल्या. दोन्ही सायकली एकाच बनावटीच्या असल्याने नंतर चाकांचीही अदलाबदल केली. सायकल कोणाचीही असो आणि वर कोणीही बसो, सपाट टायरच दर वेळी पुढे जाऊन थांबला. भाऊ आजही वाऱ्याला दोष देतो. पण वारा दोघांनाही सारखाच होता आणि चाके बदलल्यावर निकालही चाकांबरोबर बदलला, याचे उत्तर त्याने अद्याप दिलेले नाही.

पठारावरच्या जांभ्या दगडावर टायरच्या नक्षीपेक्षा आतल्या हवेच्या दाबाचा फरक अधिक पडतो. गच्च भरलेला टायर दगडादगडाला उसळतो आणि आपली ताकद सायकल हादरवण्यात जाते. साधारण ७० किलो वजनाच्या माणसाने मागे ४५ आणि पुढे ४० पीएसआयपासून (हवेचा दाब मोजण्याचे एकक) सुरुवात करावी, कारण मागच्या चाकावर भार जास्त असतो; टायरवर छापलेली मर्यादा मात्र पाळावी.

भर पावसाळ्यात चिकट मातीतून जाणार असाल, तर ठोकळे खरोखर उपयोगी पडतात, एवढे मला मान्य आहे. तेव्हा निदान पुढचा टायर ठोकळ्यांचा ठेवा, मागचा सपाटच राहू द्या. बाभळीच्या काट्यांसाठी आत संरक्षक थर असलेला टायर दुकानदाराकडे मागा. खरेदीपूर्वी जुन्या टायरच्या बाजूवर ६२२ हा आकडा (२९ इंची टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये) आहे ना, हे पाहा आणि नवा टायर बसल्यावर फ्रेमपाशी दोन्ही बाजूंना किमान ५ मिलिमीटर मोकळी जागा उरेल याची खात्री करा, नाहीतर चिखल अडकून चाक जाम होईल.