टोपण कसं लावायचं, आणि सुई टोचलीच तर

प्रश्न : मी बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही असं शिकवतात. पण त्याच पेशंटला थोड्या वेळाने पुन्हा भूल द्यावी लागते. तोवर उघडी सुई ठेवायची कुठे?
– एक विद्यार्थिनी, परळ

उत्तर : दातांच्या कामात हा नियम जसाच्या तसा पाळता येत नाही, हे खरं. टाळायचं ते एका हातात टोपण आणि दुसऱ्या हातात सुई धरणं. ओपीडीच्या गर्दीत कोपराला धक्का लागतो, सुई टोपणाच्या कडेवरून घसरते आणि टोपण धरलेल्या बोटात शिरते. त्याऐवजी टोपण ट्रेमध्ये आडवं, ट्रेच्या काठाला टेकवून ठेवा, नाहीतर ते पुढे पळतं. दुसरा हात पूर्ण बाजूला घ्या. एकाच हाताने सुई टोपणात सरकवा, सिरिंज उभी करा आणि मगच टोपण बुडाशी धरून घट्ट बसवा.

भूल देताना गाल बोटाने नव्हे, माउथ मिररने ओढा. पेशंटने अचानक मान हलवली तर सुईच्या वाटेत तुमचं बोट नसेल. एअरोटरमधला (दात कोरायच्या यंत्रातला) बर, म्हणजे फिरणारं टोकदार पातं, हेही तितकंच घातक : काम संपताच काढा, नाहीतर ट्रेकडे वळताना हाताला ओरखडा ठरलेला. आणि ज्याने सुई वापरली त्यानेच ती नीडल कटरमध्ये कापून पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात टाकायची. कापसाच्या बोळ्यांखाली राहिलेली सुई मावशींच्या हाताला लागते. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करा.

प्रश्न : सुई टोचली तर रक्त पिळून काढून स्पिरिट लावायचं, असं सीनियर सांगतात. बरोबर आहे का?
– इंटर्न, सायन

उत्तर : नाही. पिळू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा ब्लीच लावू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच वरिष्ठांना सांगा. कृपया हे लपवू नका. एचआयव्हीपासून बचावाची औषधं (पीईपी) शक्यतो 2 तासांत सुरू व्हायला हवीत, 72 तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स 28 दिवसांचा पुरा करावा लागतो. रात्रीची वेळ असेल तर थेट कॅज्युअल्टी गाठा. पेशंटची तपासणी त्याच्या संमतीने होते, पण तिच्या रिपोर्टसाठी पहिला डोस अडवून ठेवू नका.

एचआयव्हीचा धोका अशा एका टोचण्यामागे सुमारे 0.3 टक्के. हिपॅटायटिस बी त्याहून कितीतरी सहज पसरतो, पण त्यावर लस आहे : 0, 1 आणि 6 महिन्यांना. क्लिनिकल पोस्टिंगआधीच ती पूर्ण करा आणि तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लशीने तयार झालेली रक्तातली प्रतिपिंडं) तपासा. पातळी 10 mIU/mL किंवा त्याहून जास्त हवी.