कागदावर 'अँटिक' लिहिलंत की अडकलात: लाकडी व्यंगबाहुल्या विकण्याबद्दल

निपाणीच्या ताई, तुमची पोस्ट वाचली. मामांनी जहाजावरच्या नोकरीत जमवलेल्या अकरा लाकडी व्यंगबाहुल्या, म्हणजे व्यंगचित्रातल्यासारखी कोरलेली माणसं, त्यात पाईप ओढणारा खलाशी, पोट सुटलेला डॉक्टर, छत्रीवाली बाई. बुडाला 'सी. ओ. ट्रिग' या स्वीडिश कारागिराची सही, काहींवर साल. कोल्हापूरचा एक व्यापारी सगळा माल एकगठ्ठा मागतोय, परदेशातलं गिऱ्हाईक एकट्या खलाशाला बरी किंमत द्यायला तयार आहे, आणि पार्सलवाल्यानं "हे अँटिक आहे, सर्टिफिकेट आणा" म्हणून डबा परत पाठवला. हे शेवटचं वाचलं आणि जुनं दुखणं वर आलं. म्हणून उत्तर लांबणार. मी वकील नाही, सीए नाही. नियम बदलत असतात, पैसे अडकवण्याआधी जाणकाराला एकदा विचारा.

आधी तो 'अँटिक'चा घोळ. 1972 चा पुरावस्तू कायदा आहे. शिल्प किंवा कोरीवकाम किमान शंभर वर्षांचं असेल तर ती पुरावस्तू, मग ती भारतात घडलेली असो वा स्वीडनमध्ये. पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि देशातल्या देशात तिचा धंदा करायलाही परवाना लागतो. शंभरच्या आतली वस्तू यात येत नाही. एवढी साधी गोष्ट आहे. पण खोक्यावरच्या चिठ्ठीत 'अँटिक वुडन स्टॅच्यू' किंवा त्याहून वाईट म्हणजे 'आयडॉल' लिहिलेलं असलं की समोरचा माणूस वस्तूकडे बघतच नाही, शब्दाकडे बघतो. देवळातून चोरलेली मूर्ती बाहेर जातेय की काय ही भीती त्याला असते, आणि ती अगदीच चुकीची नाही. शिवाय विक्रीच्या जाहिरातीत भाव चढावा म्हणून 'अँटिक' लिहायचं आणि पार्सलवर 'नवीन' लिहायचं, हेही चालत नाही. गिऱ्हाइकाला पाठवलेलं बिल खोक्यातच असतं.

म्हणून वर्णन असं लिहा: 'हँड कार्व्ह्ड अँड पेंटेड वुडन फिगर, स्वीडन, साल अमुक, उंची इतके सेंटिमीटर, युज्ड कलेक्टिबल'. साल नगावर असेल तरच. खोटं मात्र काही लिहू नका. विकून पाठवताय तर 'गिफ्ट' लिहू नका. पैसे घेऊन पाठवणं म्हणजे निर्यात, त्याला आयात-निर्यात कोड लागतो. तो ऑनलाइन मिळतो, फी 500 रुपये. मग पोस्टाच्या डाकघर निर्यात केंद्रातून रीतसर बिल भरून पाठवता येतं.

वर्गवारीच्या आकड्यातही लोक हौस भागवून घेतात. सीमाशुल्काच्या यादीत 4420 मध्ये लाकडाच्या छोट्या मूर्ती आणि शोभेच्या वस्तू येतात, 9703 मध्ये मूळ शिल्पकृती. 'ओरिजिनल' म्हटलं की 9703 भारी वाटतं. पण धंद्यासाठी केलेली पारंपरिक कारागिरी, मग ती कलावंताच्या हातची का असेना, त्या शीर्षकात बसत नाही, असं त्या प्रकरणाच्या टिपेतच आहे. ट्रिगनी एकच खलाशी पुन्हा पुन्हा कोरला आहे. माझ्या मते 4420 लिहावं आणि शांत झोपावं.

आता माझं जुनं दुखणं, म्हणजे माझं असंच पार्सल अडकलं ती कचेरी. नाव घेत नाही, जिल्हाही सांगत नाही. एका खिडकीवर म्हणाले "दिसतंय तर जुनं", दुसरीवर "आमच्याकडे हा विषयच नाही", तिसरीवर अर्ज दिला तो फक्त कन्नडमध्ये. अर्ज कन्नड, सही स्वीडिश, समजावून सांगणारा मराठी. यात पाऊस सुरू झाला आणि खोकं ओल्या फरशीवर राहिलं. लाकडाला बुरशी धरली ती निघाली, पण बुडाला वजनाची चिठ्ठी लावायला कुणीतरी खाकी पॅकिंग टेप डकवला होता. तो ओढून काढला तेव्हा पेन्सिलीतलं साल आणि त्याखालचा रंगाचा पापुद्रा टेपबरोबर आला. टेपच्या चिकट बाजूला उलटे आकडे नीट वाचता येत होते, लाकडावर काही नाही. जो पुरावा मागत होते तो त्यांच्याच टेपनं उपटला.

यातून शिकण्यासारखं एवढंच, की 'दिसतंय जुनं' हे तोंडी ऐकून घेऊन परत फिरू नका. वस्तू पुरावस्तू आहे की नाही असा प्रश्न उभा राहिला तर त्याचा निर्णय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी देतो, खिडकीवरचा कारकून नाही. त्याच कायद्याचं कलम 24 बघा. हरकत काय ती लेखी मागा, शिक्क्यासह. लेखी द्यायची वेळ आली की निम्म्या हरकती तिथेच विरतात. खरंच शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला मिळतो. त्यासाठी फोटो द्यावे लागतात आणि वस्तू तपासायला दाखवावी लागते. एकदा घेतलात की पुढच्या वेळचा त्रास वाचतो.

तुमच्या बाबतीत पुरावा सहीतच आहे, पण अक्षर नीट वाचा. कार्ल ओलोफ ट्रिग 1910 चा, वारला 1993 ला. त्याच्या नगावर 1958 किंवा 1961 कोरलेलं असेल तर वाद संपला. पण त्याचा बाप कार्ल योहान ट्रिग 1887 ते 1954 मधला, तोही कोरायचा. त्याचा सुरुवातीचा नग शंभरीच्या जवळ किंवा पलीकडेही जाऊ शकतो. तेव्हा 'ओ' आहे की 'जे', हे भिंगातून बघा. आणि कुणी 'डोडरहुल्टार्न' या जुन्या स्वीडिश कोरीवकाम करणाऱ्याचा नग म्हणून काही दाखवलं तर दोन हात लांब राहा: तो गृहस्थ 1925 ला गेला, म्हणजे नग अस्सल असेल तर आता शंभरी ओलांडलेला, आणि नसेल तर बनावट. दोन्हीकडून तुमचंच नुकसान.

अस्सल ओळखायचं तर नग उलटा करा. उभ्या बाहुलीचं लाकूड उभ्या रेषेचं असतं, म्हणून बुडाला आडवा छेद दिसायला हवा: बारीक कडी, छिद्रं. रेझीनच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या प्लास्टिकसारख्या द्रव्याच्या नकलेत ते नसतं, तिथे बुडबुड्यांचे खळगे आणि बाजूनं साच्याची शिवण दिसते, आणि सहीसुद्धा साच्यातच आलेली, बोथट. स्कँडिनेव्हियन पद्धतीत चाकूचे सपाट मोठे घाव तसेच ठेवतात, पॉलिशपेपर मारत नाहीत. कोटाच्या बाहीवर उजेड तिरपा पाडलात की प्रत्येक घावाची कड वेगळी चमकते. मशीननं केलेल्या नकलेत एकसारख्या समांतर खाचा दिसतात. एकाच पोझचे दोन नग असणं संशयाचं नाही, पण दोघांचे घाव तंतोतंत जुळले तर संशय घ्या.

साफसफाईबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून: कोरडा मऊ ब्रश, बस. पाणी नाही, खोबरेल नाही, वार्निश तर मुळीच नाही. रंग पातळ असतो, लाकडात मुरलेला. तेल लावलंत की काळपट होतो आणि तो काळेपणा परत जात नाही. नाकावरची झीज, टोपीच्या कडेचा घासलेला रंग, हे तसंच राहू द्या, गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं.

खलाशाच्या घोट्याजवळ भोक आहे म्हणालात. त्याखाली पांढरा कागद ठेवून आठवडाभर बघा. फिकट, ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. मग नग प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये, उणे 18 अंशांवर, दोन आठवडे. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा पुरत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर थंड लाकडावर हवेतलं पाणी धरतं आणि रंग उठतो. भोकात रॉकेल किंवा कीटकनाशक सोडायचा सल्ला मिळेल, तो सोडून द्या, रंगावर डाग पडतो. बाकीचे नग तोवर वेगळे ठेवा.

पाईप, छत्री, काठी, टोपीची कड, मोडतात ते हेच, कारण तिथे लाकडाचे धागे आखूड आणि आडवे पडलेले असतात. मोडलं तर फेविक्विक लावू नका. तो पुन्हा सुटत नाही आणि पांढरी धार उरते. जुन्या सुतारांचा सरस बरा, ओलावा दिला की सुटतो. त्याहून बरं म्हणजे तुकडा कागदी पाकिटात घालून नगाबरोबर द्या आणि आधी सांगून टाका. पॅकिंगला दोन खोकी घ्या, मध्ये चारही बाजूंनी किमान 5 सेंटिमीटर भरण, आणि नगाला आधी मलमलीचं कापड. वर्तमानपत्र थेट गुंडाळू नका, शाई उतरते. पाईपवर दाब येईल असं बांधू नका, आधार खांद्याला आणि बुडाला द्या.

व्यापाऱ्याबद्दल माझं मत कडवट आहे, सोडून द्या म्हणालात तरी चालेल. एकगठ्ठा भाव देणारा माणूस अकरातल्या दोघांसाठी पैसे मोजत असतो, बाकी नऊ फुकटात जातात. परदेशी लिलावात असा नग शेवटी कितीला गेला ते आकडे बघा. जाहिरातीत मागितलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे.

जाता जाता, तुम्ही शेवटी विचारलेलं. सावंतवाडीच्या चितार आळीतून किंवा गोकाकहून नवे लाकडी नमुने आणून सोबत विकायचे असतील तर विका. गोकाक आपल्याच जिल्ह्यात, पण सावंतवाडीचा माल आंबोलीवरून इकडे आला की राज्य बदलतं. जीएसटी नोंदणी नसलेला कारागीर हस्तकलेचा माल दुसऱ्या राज्यात पाठवतो तेव्हा ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद लागतो, मग माल पाचशेचा का असेना. पन्नास हजारांच्या आतल्या मालाला एरवी असते ती सूट इथे नाही, हे अनेकांना नाक्यावर कळतं. चंदनाचं कोरीव काम कुणी स्वस्तात दिलं तर हात लावू नका.

अकराही नगांच्या बुडांचे फोटो इथे टाका, तिरप्या उजेडात, बाजूला फूटपट्टी ठेवून. 'ओ' की 'जे' ते सांगता येईल. आणि बुडाला चिठ्ठी चिकटवू नका, दोऱ्यानं बांधा.